मेंदूचे नकाशे आणि मुलांचे मन

१८४८ सालच्या डिसेंबर महिन्यात स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी एक लहानशी शाळा उघडली. तिचे मुख्याध्यापक विल्यम मॅटिउ विल्यम्स यांच्या नावावरून तिला विल्यम्स यांची ऐहिक शाळा असे म्हणत. ऐहिक अशासाठी, की धर्माचे शिक्षण तिने आईबापांवर व धर्मोपदेशकांवर सोपवले होते. त्या काळच्या स्कॉटलंडात एवढ्यावरूनच तिच्याविरुद्ध ओरड होणे स्वाभाविक होते. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने त्या शाळेची दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची आहे. तेथे मुलांस शरीरशास्त्र शिकवीत आणि त्याबरोबर मेंदूचा पाठही देत. आपला राग मेंदूत कोठे वसतो, सावधपणा कोठे, परोपकारबुद्धी कोठे, आणि यांतले कोणते बळ वाढवावे व कोणते आवरावे, हे त्या शाळेतील मुलांस सांगितले जाई.

मेंदूची ओळख करून देऊन मुलांस भावना आवरण्यास शिकवावे, ही कल्पना अगदी कालपरवाची आहे असा आपला समज असतो. दिल्ली सरकारने जुलै २०१८ मध्ये आपल्या शाळांतून आठव्या इयत्तेपर्यंत आनंदाचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याचे वर्णन एक अभिनव प्रयोग असेच केले. प्रयोग स्तुत्य होता, याविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. परंतु या कल्पनेचा इतिहास चांगला पावणेदोनशे वर्षांचा आहे, आणि तो चाळून पाहिला तर त्यात आपल्या उपयोगाचा एक धडा सापडतो. तो धडा कोणता, ते शेवटी सांगूच. आधी इतिहास पाहू.

एडिंबरोच्या त्या शाळेमागे जे गृहस्थ उभे होते, त्यांचे नाव जॉर्ज कूम. जन्म १७८८ चा. वडील मद्य गाळणारे व्यापारी. स्वतः कूम वकील. व्हिएन्नातील डॉक्टर फ्रान्झ योझेफ गाल याने एक नवे शास्त्र काढले होते. त्याचे म्हणणे असे, की मेंदू हे मनाचे स्थान आहे. मनाची निरनिराळी बळे मेंदूच्या निरनिराळ्या भागांत राहतात. ज्याचे जे बळ मोठे, त्याच्या मेंदूचा तो भाग मोठा, आणि म्हणून कवटीवर त्या ठिकाणी उंचवटा. गालने अशी सत्तावीस स्थाने मानली, शिष्यांनी त्यांत भर घातली. या शास्त्राला फ्रेनॉलॉजी म्हणत. आपण त्याला मस्तकसामुद्रिक म्हणू. तळहाताच्या रेषांवरून भविष्य सांगावे तसे हे लोक डोके चाचपून स्वभाव सांगत. कूम या शास्त्राचे भक्त झाले. १८२० साली एडिंबरोत त्यांनी या विषयाची सभा स्थापण्यात पुढाकार घेतला आणि १८२८ साली मनुष्यस्वभावाविषयीचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्या शतकात इंग्रजीत विचारांची जी पुस्तके घरोघर गेली, त्यांत या ग्रंथाची गणना होते.

मस्तकसामुद्रिक साफ खोटे होते. कवटीच्या बाहेरील उंचवट्याचा आतील मेंदूच्या आकाराशी असा मेळ नसतो. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्लूरान्स याने पशुपक्ष्यांच्या मेंदूंवर प्रयोग करून गालच्या मतास १८२० नंतरच्या काही वर्षांतच धक्का दिला होता. परंतु इतिहासाची गंमत अशी, की या खोट्या शास्त्रातून शाळेपुरता एक चांगला विचार निघाला. कूम म्हणत, मनाचे प्रत्येक बळ व्यायामाने वाढते. मग मुलाला छडी मारली तर कोणत्या बळाला व्यायाम होतो? भीतीला, आणि सूडबुद्धीला. विवेकाला होत नाही. तेव्हा जे वाढू नये त्यालाच छडीने खुराक मिळतो. १८३८ ते १८४० या काळात कूम अमेरिकेत व्याख्याने देत फिरले. तेथे मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षणमंडळाचे चिटणीस होरेस मॅन यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. मॅन हे अमेरिकेतील सार्वजनिक शाळांचे जनक. त्यांनी शाळेत शरीरशास्त्र शिकवण्याचा आग्रह धरला. छडीच्या प्रश्नावर १८४४ साली बॉस्टनच्या एकतीस शिक्षकांशी त्यांचा जाहीर वाद जुंपला. आणि एका मुलाचे नाव त्यांनी जॉर्ज कूम मॅन असे ठेवले. नकाशा चुकीचा, पण त्या नकाशाच्या आधाराने मुलाच्या पाठीवरची छडी थोडी सैल झाली, असा हा प्रकार.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याच डोक्यावर उमटलेली आहे. १८२४ साली एडिंबरोच्या सभेने आपले निबंध प्रसिद्ध केले, त्यात बंगालमधील कंपनी सरकारच्या चाकरीतील एका डॉक्टराने हिंदी लोकांच्या डोक्यांविषयी लिहिलेला निबंध आहे. स्वतः कूम यांनीही आपल्या ग्रंथात हिंदू कवट्यांचा विचार केला, आणि मूठभर इंग्रज कोट्यवधी हिंदी लोकांवर राज्य कसे करू शकतात, या प्रश्नाचे उत्तर त्यांना कवटीच्या आकारात सापडले. कारण सैन्यात नव्हते, व्यापारात नव्हते, आपसांतील फुटीत नव्हते, डोक्यात होते! जो माणूस एडिंबरोच्या मुलाला सांगत होता की तुझे मन तू वाढवू शकतोस, तोच माणूस सगळ्या एका देशाला सांगत होता की तुमचे डोकेच लहान. मेंदूचा नकाशा मुलाच्या हाती दिला तर तो त्याला बळ देतो, आणि तोच नकाशा दुसऱ्याच्या हाती राहून मुलावर शिक्का मारण्यास वापरला, तर तो त्याचे बळ काढून घेतो. विल्यम्स यांची शाळा १८५४ साली बंद झाली. हा दुधारी वारसा मात्र मागे राहिला.

एडिंबरोची शाळा उघडण्यापूर्वी तीन महिने, १३ सप्टेंबर १८४८ रोजी, अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात एक अपघात झाला. रेल्वेमार्गासाठी खडक फोडणाऱ्या टोळीचा मुकादम फिनिअस गेज सुरुंगाची दारू ठासत असता स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सुमारे सहा किलो वजनाची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कपाळावरून बाहेर पडली. गेज वाचला. चालू लागला, बोलू लागला. परंतु त्याला उपचार करणारे डॉक्टर हार्लो यांनी १८६८ साली लिहिले, की तो पूर्वीचा गेज राहिला नाही. पूर्वी शांत व कामसू असलेला माणूस लहरी, शिवराळ व उतावळा झाला. कपाळामागील मेंदू आणि माणसाचा संयम यांचा संबंध दाखवण्यासाठी ही हकीकत तेव्हापासून पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाते.

तिचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी सांगत नाही. हा गेज पुढे १८५२ साली दक्षिण अमेरिकेत चिली देशी गेला आणि तेथे कित्येक वर्षे घोड्यांची टपालगाडी हाकीत राहिला. पहाटे उठावे, घोडे जुंपावेत, उतारूंना सांभाळून बसवावे, वळणावळणांच्या रस्त्याने गाडी न्यावी, हे काम लहरी माणसाचे नव्हे. अलीकडच्या अभ्यासकांचे मत असे, की रोजच्या एकाच ठराविक शिस्तीने त्याचे हरवलेले वागणे पुष्कळसे सावरले असावे. कपाळामागचा मेंदू फुटलेल्या माणसालाही सवयीने इतका आधार दिला असेल, तर धडधाकट मुलाला ती किती देईल, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करण्यासारखा आहे.

हा विचार शिक्षकांपुढे प्रथम नीट मांडला तो विल्यम जेम्स यांनी. हार्वर्ड विद्यापीठातील हे तत्त्वज्ञ मूळचे वैद्यकाचे पदवीधर. भावना म्हणजे काय, या प्रश्नावर १८८४ साली त्यांनी निबंध लिहिला. आपण रडतो म्हणून आपल्याला दुःख होते, कापतो म्हणून भीती वाटते, शरीर आधी आणि भावना मागून, असे त्यांचे मत. ते जसेच्या तसे आज कोणी मानीत नाही. पण श्वास संथ केला, मुठी सैल केल्या, तर रागाचा जोर ओसरतो, हा अनुभव त्यात आहे. १८९२ साली केंब्रिज गावच्या शिक्षकांपुढे त्यांनी व्याख्याने दिली, ती १८९९ साली पुस्तकरूपाने निघाली. त्यांत सवयीवर त्यांचा सारा भर आहे. आणि एक इशारा आहे. मनाचे शास्त्र हे शास्त्र आहे, शिकवणे ही कला आहे. शास्त्राच्या नियमांतून वर्गातील तास आपोआप निघेल अशा भ्रमात राहू नका, असे त्यांनी शिक्षकांस बजावले. स्वतः मनाच्या शास्त्राचा एवढा मोठा अधिकारी हे सांगतो, याला महत्त्व आहे.

यानंतरचे नाव आपल्या परिचयाचे आहे. डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी जानेवारी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह काढले. माँटेसरीबाई मुलांची डोकी मोजीत असत, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. शिक्षणासाठी मानवमापनशास्त्र या विषयावर त्यांनी १९१० साली एक जाडजूड ग्रंथच लिहिला. त्या मोजमापांचा आज कोणी उल्लेखही करीत नाही. टिकली ती दुसरी गोष्ट, त्यांचा शांततेचा खेळ. मुलांनी हातपाय न हलवता बसायचे, घड्याळाची टिकटिक ऐकायची, बाहेरच्या पाखराचा आवाज ऐकायचा, आणि बाईंनी कुजबुजत्या स्वरात नाव घेतले की न धडपडता उठून जायचे. कोणी दटावीत नाही, बक्षीसही नाही. मूल स्वतःला आवरते, आणि आवरता येते याचा त्याला आनंद होतो. संयम हा शिक्षेवाचून, खेळातून शिकवता येतो, हे यात दिसते. डोक्याची मापे गेली, खेळ उरला.

१९३९ साली माँटेसरीबाई मद्रासेस आल्या आणि महायुद्धामुळे पुढली काही वर्षे त्यांचा मुक्काम हिंदुस्थानातच पडला. परंतु त्याआधीच त्यांची पद्धत आपल्याकडे रुजू लागली होती. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी तिला मराठी मुलखात आणले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणास हात घातला, आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील वारली मुले शाळेला भीत. ती गुरे घेऊन रानात जात. तेव्हा शिक्षक त्यांच्यामागून कुरणात गेले आणि तेथेच शाळा भरली. कुरणशाळा हे नाव त्यावरूनच पडले. तेथे मेंदूचे चित्र फळ्यावर काढले नव्हते. पण भ्यालेले मूल शिकू शकत नाही, म्हणून आधी भीती दूर करावी आणि मग अक्षर शिकवावे, हे आजचे मेंदूशास्त्र ज्या गोष्टीवर भर देते, ती गोष्ट तेथे प्रत्यक्ष चालली होती.

आणि याहून मागे जायचे तर, तिन्हीसांजेला दिव्यापुढे बसून मनाचे श्लोक म्हणण्याची चाल आपल्या घरांतून किती पिढ्या चालत आली! त्यांत मनाला हाक मारून, त्याला समजावून सांगण्याची रीत आहे. राग आला म्हणजे मी राग नव्हे, रागावलेल्या मनाशी बोलणारा मी कोणी वेगळा आहे, हे मुलाला नकळत कळे. अर्थ न समजावता नुसते पाठांतर करून घेतले तर त्याचा उपयोग थोडा, हेही खरेच.

आता पुन्हा अमेरिकेकडे वळू, कारण शाळेच्या वेळापत्रकात भावनांचा पद्धतशीर तास आला तो मुख्यतः तेथून. १९६८ साली येल विद्यापीठाच्या बालअभ्यास केंद्रातील मानसोपचारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी न्यू हेवन शहरातील दोन प्राथमिक शाळा हाती घेतल्या. जवळजवळ सारी मुले काळ्या वस्तीतील, गरीब. अभ्यासात या शाळा शहरातील ३३ शाळांत शेवटच्या दोन. शिक्षकांच्या मते मुले वाईट, पालकांच्या मते शिक्षक वाईट. कोमर यांनी मुलांच्या डोक्यात काय बिघडले आहे हे शोधण्याऐवजी शाळेत काय बिघडले आहे हे पाहिले. पालक, शिक्षक व मुख्याध्यापक यांची एकत्र समिती नेमली. एकच शिक्षक दोन वर्षे त्याच वर्गाला राहील अशी सोय केली, म्हणजे मुलाला भरवशाचे एक माणूस मिळे. दूरच्या गावाहून नव्याने आलेले मूल वर्गात घाबरून हातपाय झाडू लागले, तर त्याला शिक्षा न करता आधी शाळेची ओळख करून देण्याची रीत घातली. १९७७ पासून सामाजिक वागणुकीचे पाठही सुरू झाले. १९८४ पर्यंत याच शाळा चौथीच्या परीक्षेत शहरातील पहिल्या काही शाळांत आल्या.

याच शहरात १९८० नंतरच्या दशकात एक साधे चित्र वर्गावर्गांतून लागले. रस्त्यावरच्या दिव्यांचे चित्र. तांबडा दिवा म्हणजे थांब, श्वास घे, शांत हो. पिवळा म्हणजे काय झाले, काय वाटते, काय काय करता येईल, याचा विचार कर. हिरवा म्हणजे त्यांतले चांगले ते निवडून पुढे जा. यात मेंदूचा एकही भाग नाही. पण मारामारीच्या ऐन क्षणी मुलाच्या डोळ्यांपुढे उभे राहील असे काही आहे. १९९५ साली डॅनियल गोलमन यांचे भावनिक बुद्धिमत्तेवरील पुस्तक आले आणि न्यू हेवनच्या या प्रयोगांची कीर्ती जगभर गेली.

त्यानंतर मेंदू पुन्हा फळ्यावर आला. आज जगातील अनेक शाळांतून मुलांस मूठ वळून दाखवतात: तळहात म्हणजे मेंदूचा खालचा देठ, आत दुमडलेला अंगठा म्हणजे भीतीची घंटा वाजवणारा भाग, वरची बोटे म्हणजे विचार करणारा मेंदू, राग अनावर झाला की बोटे उघडतात आणि झाकण उडते. मुलांस हे चटकन समजते व आवडते. यातील थोडे खरे आहे. अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याची दखल घेण्यात मोठा वाटा उचलतो, आणि कपाळामागचा मेंदू पुरता पिकण्यास विशी उलटावी लागते. पण सरड्याचा मेंदू खाली, त्यावर पशूचा, त्यावर माणसाचा, अशा तीन मजल्यांची जी कल्पना पॉल मॅक्लीन यांनी १९६० च्या दशकात मांडली आणि जी अजून कितीतरी पुस्तिकांतून छापली जाते, ती मेंदूच्या आजच्या अभ्यासकांस मान्य नाही. मेंदूचे भाग मजल्यांसारखे एकावर एक चढलेले नाहीत, आणि भावना एका खोलीत व विचार दुसऱ्या खोलीत असेही नाही. म्हणजे आपलाही नकाशा काही अंशी जुना झालाच आहे.

मग अशा शिक्षणाचा उपयोग होतो की नाही? येथे इतिहासाबरोबर हिशेबही मांडला पाहिजे. २०११ साली अशा २१३ उपक्रमांचा, सुमारे २ लाख ७० हजार विद्यार्थ्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मुलांचे वागणे तर सुधारलेले दिसलेच, पण अभ्यासातही ती पुढे गेलेली दिसली. मेंदू व्यायामाने वाढतो, हे न्यूयॉर्कच्या सातवीतील मुलांस आठ पाठांत शिकवले, तेव्हा गणितातील त्यांची घसरण थांबली, असे २००७ सालच्या एका अभ्यासात आढळले. हाच प्रयोग तासाभराहून कमी वेळात अमेरिकेतील सुमारे बारा हजार मुलांवर केला, तेव्हा २०१९ सालच्या अहवालात लाभ दिसला, पण तो लहान. आणि जेथे वर्गसोबत्यांची रीत त्या शिकवणीशी जुळती होती, तेथेच तो नीट टिकला. उलट इंग्लंड व आसपासच्या ८४ शाळांतील आठ हजारांवर मुलांपैकी सुमारे निम्म्यांस चित्त स्थिर करण्याचे पाठ दिले गेले, त्याचा २०२२ सालचा निष्कर्ष असा, की नेहमीच्या शिकवणीपेक्षा त्यांचा अधिक लाभ झाला नाही. पाठ घेतलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी घरी सराव केलाच नव्हता.

आता सुरुवातीस म्हटलेला धडा. या पावणेदोनशे वर्षांत मेंदूचे नकाशे बदलत गेले: गालची सत्तावीस स्थाने गेली, कवटीची मापे गेली, तीन मजले चालले आहेत. टिकले ते सगळीकडे तेच. छडी खाली ठेवणारा गुरू, भावनेला नाव देण्याची मोकळीक, थांबण्याचा रोजचा सराव, आणि मुलाला ओळखणारे एक भरवशाचे माणूस. नकाशा हे निमित्त. फळ मिळाले ते सरावाचे आणि सहवासाचे. म्हणून मेंदूचे चित्र मुलांस जरूर दाखवावे. आपल्या आत काय चालते याचे कुतूहल मुलाला असते, आणि राग येणे हे पाप नसून शरीराची एक घडामोड आहे हे कळले की त्याची लाज कमी होते. पण चित्र दाखवून तास संपला असे समजू नये. आणि हे चित्र आज आपल्याला एवढे ठाऊक असलेले चित्र आहे, हेही मुलांस प्रामाणिकपणे सांगावे.

खरी काळजी घ्यायची ती दुसऱ्या गोष्टीची. कूमच्या काळी डोके चाचपून शिक्का मारीत. आज डोके न चाचपता मारतात. हा चंचल मेंदूचा, तिचा मेंदूच गणिताचा नाही, याचा स्वभावच तसा, असे शेरे शिक्षकांच्या खोलीत आणि आपल्या दिवाणखान्यातही सहज ऐकू येतात. शास्त्राची भाषा आली म्हणून शिक्क्याची शाई पुसट होत नाही. उलट ती अधिक पक्की होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा देणे व त्याचा मानसिक छळ करणे या दोहोंस मनाई केली आहे. छडी कायद्याने हिरावून घेता येते. शेरा मात्र आपणच आवरावा लागतो, आणि तो आवरण्यास कपाळामागचा जो मेंदू लागतो, तो मुलांचा अजून पिकायचा आहे. आपला पिकलेला आहे, असे निदान मानतात. मुलांस संयमाचा पाठ द्यावयाचा तर त्याची पहिली ओळ आपल्या वागण्यात त्यांना वाचता आली पाहिजे.